वजनपावतीचा नमुना आणि संगणकाची आज्ञावली

वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन व बिल यांची माहिती सभासदाला गावातच मिळावी, हा त्यामागील हेतू. कऱ्हाड आणि वाळवा या तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात वजनपावतीचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको. अशा पावतीचा छोटा नमुना स्वतः तयार करून पाहणे, हा आज्ञावलीचा पहिला धडा ठरू शकतो.

त्यासाठी ‘व्हिज्युअल बेसिक’ ही भाषा सोयीची आहे. ती १९९१ साली बाजारात आली. पडद्यावर कोरा नमुना असतो. त्यावर चौकटी, मथळे आणि बटणे मांडावयाची व नंतर प्रत्येकाला काम नेमून द्यावयाचे, अशी तिची रीत आहे. कागदी नमुने भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ती परकी वाटू नये.

आपल्या नमुन्यात तीन चौकटी घ्याव्यात : सभासद क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन. निव्वळ वजनासाठी मात्र चौकट न घेता मथळा घ्यावा, म्हणजे उत्तरावर कोणाला हात फिरविता येणार नाही. शेवटी एक बटण.

जुन्या आवृत्त्यांत संगणक या चौकटींना आपणहून ‘टेक्स्ट१’, ‘टेक्स्ट२’, ‘टेक्स्ट३’ अशी नावे देतो. नवशिका ती तशीच ठेवतो आणि येथेच घोटाळ्याचे बीज पडते. समजा, भरलेली गाडी २४,३५० किलो व रिकामी ८,१५० किलो आहे. निव्वळ ऊस १६,२०० किलो. पण आज्ञा लिहिताना ‘टेक्स्ट३’ऐवजी ‘टेक्स्ट१’ लिहिले गेले आणि सभासद क्रमांक १२,६४० असला, तर संगणक तोच वजा करून ११,७१० हे उत्तर देईल. आकडा संभवनीय दिसतो, त्यामुळे कोणालाही शंका येत नाही, आणि शेतकऱ्याचा जवळजवळ साडेचार टन ऊस कागदावरून नाहीसा होतो.

म्हणून आज्ञा लिहिण्यापूर्वीच गुणधर्मांच्या यादीतील ‘नेम’ या रकान्यात ‘भरलेले’, ‘रिकामे’, ‘निव्वळ’ अशी अर्थपूर्ण नावे द्यावीत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, अक्षराने सुरू होणारी व मध्ये जागा न सोडता लिहिलेली असावीत. चौकटीच्या नावाआधी ‘टीएक्सटी’, मथळ्याआधी ‘एलबीएल’ व बटणाआधी ‘सीएमडी’ जोडण्याचा प्रघात आहे. ‘कॅप्शन’ हा गुणधर्म मात्र निराळा. बटणावर कारकुनाला दिसणारे ‘वजन काढा’ हे शब्द म्हणजे कॅप्शन. नाव आज्ञावलीपुरते असते.

आता बटणावर दोनदा टिचकी मारली असता आज्ञा लिहिण्याची जागा उघडते. तेथे एकच ओळ लिहावी :

निव्वळ.कॅप्शन = व्हॅल(भरलेले.टेक्स्ट) − व्हॅल(रिकामे.टेक्स्ट)

चौकटीत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी अक्षरेच असतात. ‘व्हॅल’ त्यांचा अंक करते. मात्र स्वल्पविराम येताच ती वाचणे थांबविते. ‘२४,३५०’ असे टंकल्यास तिला केवळ २४ कळतात, म्हणून स्वल्पविराम टाळावा. देवनागरी अंकही तिला कळत नाहीत. भरलेले वजन रिकाम्याहून अधिक नसेल तर सूचना दाखवून थांबावे, अशी ‘इफ’ची अट वरील ओळीच्या आधी घालणे इष्ट.

आज्ञा लिहिल्यानंतर बटणाचे नाव बदलले, तर जुन्या आवृत्त्यांत ती आज्ञा जुन्याच नावाखाली पडून राहते. बटण दाबले तरी काहीही घडत नाही आणि दोष कोठे आहे हे सांगणारी सूचनाही येत नाही. अशा वेळी आज्ञेच्या पहिल्या ओळीतील नाव नव्या नावाप्रमाणे दुरुस्त करावे. नंतर काट्यावरील जुन्या दहा-बारा पावत्या घेऊन त्यांची वजने नमुन्यात भरावीत आणि उत्तरे हाताने केलेल्या वजाबाकीशी ताडून पाहावीत.