अर्ध्या पेडलचा सूर

प्रश्न : माझ्या डिजिटल पियानोचे सस्टेन पेडल दाबले की सूर एकदम लांबतो, सोडले की तुटतो. अर्धे दाबून काहीच फरक पडत नाही. काय करावे? (एक वाचक, दौंड)

उत्तर : दोष तुमच्या पायाचा नाही. पियानोसोबत मिळणाऱ्या चौकोनी पेडलमध्ये बहुधा दिव्याच्या बटणासारखा साधा स्विच असतो: चालू किंवा बंद. तुम्हाला हवे आहे कंटिन्युअस पेडल. त्यात व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसा फिरता रोधक असतो, त्यामुळे पाय किती खाली गेला ते पियानोला कळते. डिजिटल वाद्यांच्या ‘मिडी’ या भाषेत सस्टेन पेडल म्हणजे कंट्रोलर ६४. त्याचे मूल्य ० ते १२७.

आधी पियानोच्या पुस्तिकेत ‘हाफ पेडल’ शोधा. तो उल्लेखच नसेल, तर महागडे पेडलही वाया जाईल. असेल, तर शक्यतो त्याच कंपनीचे घ्या. यामाहाचे एफसी३ए, रोलँडचे डीपी-१०. कंपन्यांची आतली जोडणी वेगळी असू शकते. डीपी-१० च्या अंगावर छोटा स्विच असतो, तो ‘कंटिन्युअस’कडे सरकवा. पिनवर दोन काळ्या रेघा दिसायला हव्यात.

पियानो बंद करून पिन पूर्ण आत ढकला, पाय पेडलवरून काढा आणि मगच पियानो सुरू करा. पाय तसाच राहिला, तर काही पियानो उलटे वागतात.

दौंड-शिरूरकडच्या उन्हाळी धुळीत पेडल कापडाखाली झाकून ठेवा. आतल्या रोधकावर धूळ बसली, की सूर थरथरू लागतो.