स्कूटर घेण्याआधी गॅरेजवाल्याला विचारा

मी भडगावात एका पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करते. सकाळी बाजारपेठेतली दुकानं, दुपारी टोणगाव, संध्याकाळी बसस्टँडकडची हॉटेलं आणि टपऱ्या. कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे. दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर होतात, पण सलग अर्धा किलोमीटरही गाडी पळत नाही. दुकान आलं की थांबायचं, पावती द्यायची, पुन्हा सुरू करायची. माझं कमिशन गोळा झालेल्या रकमेवर असतं. गाडी बंद पडली तर त्या दिवसाचं कमिशन गेलं. शिवाय ठरल्या वेळी ताई आली नाही की दुकानदार ते पैसे गल्ल्यातून दुसऱ्या कामाला काढतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे एकदम देताना कुरकुर करतो. म्हणून स्कूटर स्वस्त की महाग हे मी शोरूममधल्या पाटीवरून ठरवत नाही. ती उभी राहिली तर माझं काय जातं, तिथून हिशेब सुरू करते. असं बघायला मला एका बिननंबरच्या गाडीने शिकवलं.

बिननंबरची गाडी

२०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. माझी जुनी स्कूटर तेव्हा ऑइल खाऊ लागली होती. जवळच्या शहरातल्या एका दुकानात बॅटरीवरची स्कूटर पाहिली. किंमत पेट्रोल स्कूटरच्या जवळपास निम्मी. दुकानदार म्हणाला, "ताई, हाई गाडीले ना लायसन लागस, ना पासिंग. घर चार्जिंगले लावा नि फिरा." पासिंग नाही, विमा नाही, पेट्रोल नाही, पिग्मीवालीला याहून गोड काय ऐकू येणार? वर त्याने आतली एक वायर काढून स्पीड 'खोलून' दिला. ताशी २५ ला अडणारी गाडी चाळिशीला पळू लागली. तो हे उपकार केल्यासारखं करत होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला करून देत होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला आणि गाडीचा दम दुपारीच संपू लागला. आत लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या होत्या, एकीला एक जोडलेल्या. उष्णतेने या बॅटऱ्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि ओळीतली एक कमजोर झाली की बाकीच्यांनाही ती मागे ओढते. नवा संच आणायला गेले, तर दुकानाला कुलूप. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, गाळा केव्हाच खाली केला. आमच्याकडच्या गॅरेजवाल्याने सीट उचलून आत पाहिलं आणि मान हलवली. "ताई, हाई गाडीना कंट्रोलर आठे भेटस नही."

त्याच सुमारास नाक्यावर हवालदाराने अडवलं आणि दुकानदाराने न सांगितलेला अर्धा नियम त्याने सांगितला. मोटरची ताकद २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तरच बॅटरीच्या गाडीला नोंदणी, लायसन आणि विमा लागत नाही. स्पीड खोलला की कायद्याने ती मोटार वाहन ठरली, आणि तीही बिननोंदणीची. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमच काढली होती. दंडापेक्षा मला घाबरवलं ते दुसऱ्या गोष्टीने. त्या गाडीखाली कोणी सापडलं असतं, तर भरपाई द्यायला विमा कंपनीच नव्हती. सगळं माझ्या घरादारावर आलं असतं. शेवटी गाडी भंगारवाल्याने नेली, बॅटऱ्यांतल्या शिशाच्या भावात.

त्यानंतर स्कूटर घ्यायची ठरली की ओळखीची माणसं मला विचारतात. त्यांना जे सांगते ते इथे लिहिते.

आधी आपला फेरा बघा

गावात फिरायचं, की रोज पाचोऱ्याला किंवा कजगावच्या स्टेशनापर्यंत जायचं? रस्ता डांबरी, की शेवटचे दोन किलोमीटर शेतातले? मागे माणूस बसणार, की पुढे पोतं ठेवायचं? ही उत्तरं घेऊन मगच शोरूमची पायरी चढा. नाहीतर तिथला पोरगा त्याच्याकडे शिल्लक असलेली गाडी तुमच्या गळ्यात घालतो.

नुसत्या गावातल्या फिरतीला ११० सीसी पुरते. रोज डबलसीट चाळीसगाव-पाचोरा रस्त्याला लागायचं असेल, ट्रकमागून ओव्हरटेक करायचा असेल, तर १२५ सीसीचा पिकअप कामाला येतो. चाकंही मोजा. ज्युपिटरची दोन्ही चाकं १२ इंची, ॲक्टिव्हाचं पुढचं १२ आणि मागचं १०. खड्ड्यात लहान चाक जास्त आपटतं. आणि आपल्याकडची काळी माती! पावसाळ्यात गिरणाकाठच्या शिवारात कुठलीही स्कूटर नेली तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये गारा असा गच्च बसतो की गाडी ढकलताही येत नाही. ज्यांचं रोजचं येणंजाणं शेतात आहे, त्यांनी स्कूटरचा हट्ट सोडून टीव्हीएसची एक्सएल-१०० बघावी. तिची चाकं १६ इंची, वजन नव्वद किलोच्या आत, आणि पुढे पोतं राहतं. दिसायला ती शेजारणीला दाखवण्यासारखी नाही, पण काम करते.

बायकांसाठी आणखी एक. बहुतेक पेट्रोल स्कूटरचं वजन १०५ किलोच्या आसपास असतं. शोरूममध्ये गाडी फक्त चालवून बघू नका. बंद गाडी हाताने मागे घ्या, मधल्या स्टँडवर चढवा, उतरवा. सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का ते पाहा. बाजारात भाजीच्या गाड्यांमधून गाडी काढताना इंजिनाची ताकद कामाला येत नाही, आपलीच लागते.

गॅरेजवाला काय म्हणतो?

जुन्या पिढीची स्कूटर आठवा. आकुर्डीला बनणारी बजाज चेतक १९७२ साली आली. त्याच साली किनेटिकची लुना आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बनायची. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, बटणावर सुरू होणारी आणि बिनगिअरची. यांपैकी चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, आणि नंतर तीच गाडी वीस-वीस वर्षं वापरायचे. ते जमलं, कारण तालुक्याच्या गावातला कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडायचा, आणि केबल, प्लग, क्लच प्लेट किराणा दुकानाशेजारी मिळायची. स्वस्ताई तिथे होती.

आजही कसोटी तीच. ज्या गॅरेजवर तुम्ही जाणार, तिथे एक दिवस नुसते उभे राहा. कुठल्या गाड्या येतात, कुठल्या पार्टसाठी अडून पडतात ते दिसतं. मग विचारा: या गाडीचा बेल्ट, ब्रेक शू, केबल भडगावात मिळते का, पाचोऱ्याहून आणावी लागते, की जळगावहून मागवावी लागते? ॲक्टिव्हा २००१ पासून रस्त्यावर आहे, ज्युपिटर २०१३ पासून, सुझुकी ॲक्सेस २००७ पासून. इतक्या वर्षांच्या गाडीचे पार्ट आणि ती जाणणारे हात दोन्ही गावात सापडतात. एखाद्या नव्या मॉडेलवर दहा हजारांची सूट असेल, पण पार्टसाठी ती आठवडाभर उभी राहणार असेल, तर ती सूट कुणाच्या खिशातून आली ते समजून घ्या.

पाटीवरची किंमत आणि हातात पडणारी किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूमची किंमत उतरली. पण पाटीवर लिहिलेली एक्स-शोरूम किंमत म्हणजे गाडी हातात पडण्याची किंमत नव्हे. त्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. मग क्रॅश गार्ड, फूटमॅट, सीट कव्हर आणि 'हँडलिंग'. प्रत्येक रकमेचा वेगळा आकडा कागदावर मागा. जे नको ते खोडायला सांगा. सोबत आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यायचं असा नियम आहे. ते मागून घ्या.

विम्याबद्दल बहुतेक जण गैरसमजात असतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. पण तो असतो थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा. आपली गाडी चोरीला गेली किंवा ठोकली तर मिळणारा विमा बऱ्याचदा पहिल्या एकाच वर्षाचा असतो आणि पुढे दरवर्षी भरावा लागतो. 'पाच वर्षांचा आहे' म्हणून निर्धास्त राहिलेल्या माझ्या एका खातेदाराची स्कूटर तिसऱ्या वर्षी चोरीला गेली. त्याला एक रुपया मिळाला नाही.

हप्त्याने घेणाऱ्यांनी महिन्याच्या हप्त्याला भुलू नये. हप्ता गुणिले महिने, अधिक डाउन पेमेंट, अधिक फाइल चार्ज. ही बेरीज करून रोख किमतीशी ताडून बघा. फरक पाहून बरेच जण दोन महिने थांबतात आणि डाउन पेमेंट वाढवतात.

पेट्रोल की वीज?

माझा अनुभव वाचून विजेच्या गाडीला सरसकट नावं ठेवू नका. नंबर प्लेटची, लिथियम बॅटरीची, नोंदणी झालेली स्कूटर ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि राज्यात रोड टॅक्स माफ आहे. हिशेब असा करा. रोज २५ किलोमीटर फिरलं तर गावातल्या थांबत-थांबत चालण्यात पेट्रोलची स्कूटर साधारण साठ रुपये खाते. विजेची दहा रुपयांच्या आसपास. दिवसाला पन्नास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंधरा हजार वाचतात. पण तुम्ही रोज आठच किलोमीटर फिरत असाल, तर वर्षाला जेमतेम पाच हजार वाचतील. तेवढ्यासाठी महाग गाडी घेऊन तिच्या बॅटरीची चिंता करायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

घ्यायचीच असेल तर चार गोष्टी बघा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, आणि नवी बॅटरी कितीला पडते, हे लेखी घ्या. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? बंद पडलेली विजेची गाडी पाचोऱ्यापर्यंत ढकलत नेता येत नाही. घरी सावलीत, पंधरा अँपिअरचा, नीट अर्थिंगचा प्लग आहे का? आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थोडी थंड होऊ द्या.

जुनी घेताना कागद आधी

मी सध्या वापरते ती जुनीच घेतलेली, एमएच-१९ पासिंगची स्कूटर आहे. जुनी गाडी बघायला गेलात की आधी इंजिनाचा आवाज ऐकू नका, आधी नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. फायनान्सचा बोजा, विमा, पीयूसी, नोंदणीची मुदत सगळं दिसतं. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा फायनान्सवाल्याचा कागद आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनंही तपासा, नाहीतर दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलचा दंड तुम्ही भराल. नोंदणी १५ वर्षांची असते. बारा वर्षं जुनी गाडी घेतली तर तीन वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च समोर उभा राहतो.

आपल्याकडे 'सह्या करून ठेवल्यात, सावकाश नावावर करा' असं म्हणून गाडी देण्याची पद्धत आहे. हे देणाऱ्यालाही धोक्याचं. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला: गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. त्या गाडीचे पुढे हात बदलत गेले होते, तरी जबाबदारी कागदावरच्या मालकावरच आली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं मानू नका. विम्यावरही नाव बदलून घ्या.

अठराच्या आतल्या पोराच्या हातात किल्ली देऊ नका. मुलगा हुशार असेल, शिकवणीला उशीर होत असेल, तरी कायद्यात पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

आणि शेवटी माझ्या धंद्यातला सल्ला. स्कूटर घेतल्या दिवसापासून तिच्या नावाने रोज वीस रुपयांची पिग्मी लावा. वर्षाला सात हजार तीनशे होतात. सर्व्हिसिंग, विमा आणि टायर त्यातून निघतात, आणि ऐन मे महिन्यात बेल्ट तुटला तर उसनं मागावं लागत नाही. यात माझं कमिशन आहे, हे खरं. ते नको असेल तर वीस रुपये घरच्या डब्यात टाका, पण टाका.