हिरवा इग्वाना

मुलांनो, कुंपणावर बसून मान हलवणारा सरडा तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा एक थोरला भाऊबंद मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतो. त्याचे नाव हिरवा इग्वाना. शेपटीसह तो दीड मीटरहून अधिक लांब वाढू शकतो. एवढा मोठा प्राणी, पण खातो काय? पाने, फुले आणि फळे!

इग्वाना नदीकाठच्या उंच झाडांवर राहतो. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. हा जणू त्याचा तिसरा डोळा. या डोळ्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. धोका दिसला, की इग्वाना फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो. तो उत्तम पोहतो. शत्रूने शेपटी पकडलीच, तर ती तुटते आणि हा निसटतो. पुढे नवी शेपटी येते. मात्र पहिलीचा डौल तिला नसतो.

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात दोन मोठी वादळे झाली. त्यानंतर ४ ऑक्टोबरला अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक प्रचंड तराफा लागला. त्यावर कोण होते? निदान पंधरा हिरवे इग्वाना! या बेटावर ते पूर्वी नव्हतेच. बहुधा ग्वाडेलूप बेटावरून, दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर ते वाहत आले होते. काही जखमी होते, काही अगदी अशक्त झाले होते. तरीही त्यांतले काही जगले. १९९८ साली त्यांच्यातली एक मादी विणीला आलेली शास्त्रज्ञांना आढळली.