रोडग्याच्या दिवशी हललेला दात

पौषातला रविवार होता. शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजून निघाले होते, ताटात वांग्याची भाजी पडली होती. मी तुपाची वाट न पाहता पहिला तुकडा तोडला आणि खालचा समोरचा दात पुढे वाकला. दुखलं काहीच नाही. जिभेनं मागे लोटला, तो पुन्हा पुढे आला. शेजारी व्याही बसले होते. त्यांना कळू नये म्हणून मी बाकीचं जेवण वरण-भातावर काढलं.

तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. भातकुलीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या पानावरचा एक डाग बघून शेतकऱ्याला रोग सांगणारा मी, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीवर मात्र आयुष्यात एकदाही बसलो नव्हतो. वडिलांचे दात पंचावन्नाव्या वर्षी गेले, आजोबांचेही तसेच. आपल्या घराण्यात दात टिकतच नाहीत, हे आमच्याकडे आडनावासारखं चालत आलेलं. शिवाय आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणीच खारट, मग मिठाच्या गुळण्या वेगळ्या कशाला करायच्या, असा विनोद मी दुकानात बसून करत असे. माणूस आळसाला किती हुशारीनं कारणं पुरवतो!

चाळिशीच्या आधी ब्रश करताना रक्त यायचं. पुढे ते कमी झालं आणि मी निश्चिंत झालो. खरी गोम इथेच होती. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा मी गुटखा सोडून खर्ऱ्यावर आलो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घ्यायचा, दिवसाला चार-पाच पुड्या. तंबाखूतल्या निकोटिननं हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येतं. म्हणजे मला जी सुधारणा वाटत होती, ती धोक्याची घंटा बंद पडल्याची खूण होती. आत हाड झिजतच होतं.

रोडग्यानंतरही मी पाच महिने घालवले. बाजारात सतरंजी टाकून बसणाऱ्या एकानं बोळ्यानं काहीतरी चोळून दात पांढरे करून दिले. आठ दिवस आरशात हसलो, नंतर थंड पाणी तोंडात धरवेना. शेवटी मृगाच्या तोंडावर, दुकानात बियाण्याची गर्दी असताना, गाल सुजला आणि हिरडीतून पू आला. तेव्हा कुठे अमरावतीची एसटी धरली.

तोंडाला वास येतो हे ठाऊक असल्यानं मास्क लावून गेलो. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर होती. मास्क काढायला मी इतका वेळ लावला की ती म्हणाली, “काका, आम्ही दिवसभर हेच बघतो.” लाज हाच या आजारातला सगळ्यात मोठा अडथळा आहे, असं मला आता वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्यांची संख्या १०० कोटींहून जास्त दिली आहे. एवढ्या गर्दीत आपण कोणाला लाजतो?

तिनं बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत घातली आणि आकडे सांगत गेली. चार, सहा, सात, आठ. पावसाचे मिलिमीटर मोजल्यासारखे. निरोगी हिरडीत ही खोली तीनपर्यंत असते. मग एक्स-रे, मग रक्ताची तपासणी. साखर २८० निघाली. मधुमेह आहे हे मला दाताच्या डॉक्टरकडे कळलं. हे दोन आजार एकमेकांचे सोयरे आहेत. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

तीन दात काढावेच लागले. उरलेल्यांची खोल सफाई चार बैठकांत झाली. दर वेळी तोंडाचा एक भाग बधिर करून हिरडीखालचं, मुळांवरचं कीटण खरवडायचं. सफाई केली की दात हलतात असं गावात सर्रास म्हणतात, आणि दुसऱ्या बैठकीनंतर मलाही ते पटलं. दातांत फटी दिसू लागल्या, दात लांब झाल्यासारखे वाटले, वारा लागला तरी झिणझिण्या. बायको म्हणाली, “बाप्पा, हे तं आनखीच मोकये झाले! जाऊ नका आता.” मी तीन आठवडे गेलो नाही.

हीच पळून जायची जागा असते. त्या फटी आधीपासून होत्या. कीटणानं त्या बुजवल्या होत्या, सुजेनं झाकल्या होत्या. सूज उतरली तेव्हा खरं नुकसान उघडं पडलं. गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं. झिणझिण्याही काही आठवड्यांत बऱ्याच ओसरतात. असं काही झालं तर घरी बसून कुढू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा.

पुढे खालच्या दाढांजवळ हिरडी उघडून शस्त्रक्रिया झाली, टाके पडले, हलणारे समोरचे दात एकमेकांना बांधले. आठवडाभर ज्वारीच्या कण्या आणि ताक. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांनी जिभेची चव गेली, पिठलं आणि मेथी एकच लागे. दातांवर तपकिरी डागही आले. ते पुढच्या सफाईत निघाले, पण ही गुळणी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस स्वतःच्या मनानं चालू ठेवू नये.

खर्रा सोडणं मात्र शस्त्रक्रियेपेक्षा कठीण गेलं. दोनदा हरलो. खिशात धनाडाळ ठेवली, पानटपरीची वाट बदलली, १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावरही बोललो. पहिल्या काही दिवसांत हिरड्यांतून उलट थोडं जास्त रक्त आलं. निकोटिन सुटल्यावर तसं होऊ शकतं, घाबरून पुन्हा पुडी फोडू नका.

पैशांची धास्ती असेल तर दंत महाविद्यालयाची वाट धरा. तिथे अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. भारतीय हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेचे संस्थापक डॉ. जी. बी. शंखवाळकर यांच्या स्मरणार्थ १ ऑगस्टला मुखस्वच्छता दिन पाळतात, त्या सुमारास तपासणी शिबिरंही होतात.

आता रात्री झोपण्याआधी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून फिरवतो, दातांमधल्या फटींत बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा इवलासा ब्रश घालतो. दर तीन महिन्यांनी अमरावतीला जातो, दुखो न दुखो. तुम्ही उद्या सकाळी चूळ थुंकली की मोरीत जरा वाकून बघा. लाल दिसलं, किंवा तंबाखू खात असाल तर न दिसलं तरीही, पेरणीपर्यंत थांबू नका.