एक टेकऑफ किती रुपयांना पडतो?

दौंड-शिरूरकडच्या मुलाने किंवा मुलीने पायलट व्हायचं ठरवलं, की सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे बारामती. दौंडहून रेल्वे आहे आणि शिरूरहून न्हावरे, चौफुला, सुपे असा रस्ता. पण उड्डाणं भल्या सकाळी सुरू होतात, त्यामुळे रोज ये-जा जमत नाही. बारामतीतला राहण्या-जेवणाचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

प्रशिक्षण संस्था तुम्हाला तासांचा आकडा सांगते. कमर्शियल लायसन्ससाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम २०० तासांचा आहे. पालकांनी विचारायला हवं ते पुढचं: या तासांत टेकऑफ किती आणि कोणत्या पद्धतीचे?

पद्धती मुख्यतः तीन. नेहमीच्या टेकऑफमध्ये हळूहळू पूर्ण थ्रॉटल द्यायचं, सेसना १७२ असेल तर साधारण ५५ नॉटला नाक उचलायचं. धावपट्टी आखूड असेल तर शॉर्ट फील्ड: १० अंश फ्लॅप, ब्रेक दाबून इंजिन पूर्ण ताकदीवर आणायचं, मग ब्रेक सोडायचे आणि समोरचा अडथळा ओलांडेपर्यंत कमी वेगात, उभ्या कोनात चढायचं. माती-गवताच्या पट्टीसाठी सॉफ्ट फील्ड: विमान थांबू न देता पट्टीवर वळवायचं, नाक लवकर हलकं करायचं, चाकं सुटली की जमिनीलगतच वेग वाढवायचा आणि मगच वर जायचं. या तिसऱ्या पद्धतीत घाईने चढणारा विद्यार्थी परत खाली बसतो.

आता पैसे. तासाचा दर १५,००० रुपये धरू. तुमच्या संस्थेचा आकडा इथे घाला. उतरून न थांबता पुन्हा उडायचं, म्हणजे ‘टच अँड गो’ केलं, तर तासात आठेक टेकऑफ होतात, एक सुमारे १,९०० रुपयांना. शॉर्ट फील्डची सुरुवात मात्र उभ्या विमानापासून होते. दर वेळी थांबा, टॅक्सी करून म्हणजे विमान जमिनीवरून चालवत मागे या. तासात चार-पाचच होतात, म्हणजे एक ३,००० ते ३,७५० रुपयांना. दीड ते दोन पट महाग, पण माझ्या मते पैसे इथेच घालावेत. तास भरण्यासाठी नुसते ‘टच अँड गो’ करवून घेतले, तर ही सुरुवात हाताला बसतच नाही.

वेळही महत्त्वाची. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या ४० अंशांत हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ती पट्टी साडेपाच हजार फुटांवर असते. समुद्रकाठच्या १५ अंशांच्या तुलनेत जमिनीवरची धाव तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. मागून फक्त २ नॉट वारा असला तरी आणखी १० टक्के. नवशिक्यासाठी सकाळचेच स्लॉट मागा. दुपारचा अनुभव नंतर, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना जरूर घ्यावा.

तास विमान हललं तेव्हापासून थांबेपर्यंत मोजला जातो; रांगेत उभं राहिल्याचेही पैसे पडतात. गर्दीच्या वेळी एका उड्डाणात किती मिनिटं जमिनीवर जातात, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. लायसन्ससाठी लागणाऱ्या रात्रीच्या ५ तासांत १० टेकऑफ आणि १० लँडिंग सक्तीचे आहेत. त्यासाठी दुसऱ्या विमानतळावर जावं लागणार असेल, तर तिथला मुक्काम कोणाच्या खिशातून?

बिलात जीएसटी दिसला तर थांबा. डीजीसीए-मान्य संस्थेतल्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमावर तो लागत नाही, हे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वैद्यकीय तपासणी संस्थेची फी भरण्याआधी करून घ्या. आणि संपूर्ण रक्कम एकदम देऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. असं झालं तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात लिहून घ्या, आणि हप्ते उडालेल्या तासांप्रमाणे ठरवा.