प्राणवायूचा जाच आणि यीस्टची पेशी

कला शाखेच्या वार्षिकात पेशीविज्ञानाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु ‘प्राणवायू म्हणजे जीवन’ हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेले आहे. ते खोटे नाही. मात्र अर्धेच खरे आहे. लोखंडाला गंज चढवतो तो हाच वायू, आणि कापलेले सफरचंद काळे पाडतो तोही हाच. मग तो अहोरात्र आत घेणारी पेशी शाबूत राहते कशी? याचे उत्तर शोधण्यास पाव फुगवणाऱ्या यीस्टची फार मदत झाली. यीस्ट ही एकपेशीय बुरशी होय. पण तिच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक आणि तंतुकणिका असतात.

साखर भरपूर असली की यीस्ट ती आंबवून गुजराण करते. साखर सरली की ती श्वसनाकडे वळते. श्वसनात प्राणवायूच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून पाणी बनते. कधी मध्येच एखादा इलेक्ट्रॉन निसटून प्राणवायूला चिकटतो आणि सुपरऑक्साइड जन्मास येते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. लोहाशी गाठ पडली की त्यातून अतिशय दाहक असा हायड्रॉक्सिल मूलक निघतो. प्रथिने, पेशीपटल, डीएनए यांपैकी कोणीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. अशा पदार्थांचे प्रमाण पेशीच्या आवाक्याबाहेर जाणे, यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

यावर पेशीजवळ उपाय आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. ते सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते. कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू करते. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर येणारा फेस ही कॅटलेजचीच करामत. तांबे-जस्तयुक्त डिसम्युटेजचे जनुक काढून टाकलेली यीस्ट हवेत लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले आयती मिळाल्याशिवाय वाढत नाही. प्राणवायू नसेल तेथे मात्र तिला ही अडचण येत नाही. तिच्यात माणसाचे तेच जनुक घातले, तर ती पुन्हा हवेत नांदू लागते!

पण हत्यारे असून भागत नाही, ती केव्हा उपसावीत हे कळावे लागते. हे काम याप-१ या प्रथिनाकडे असते. एरवी ते केंद्रकात शिरते न शिरते तोच एक वाहक प्रथिन त्याला बाहेर आणून सोडते. पेरॉक्साइड वाढले की ते प्रथम जीपीएक्स-३ नावाच्या प्रथिनाला गाठते, आणि ते प्रथिन याप-१ मधील गंधकाच्या अणूंची गाठ बांधून देते. त्यामुळे याप-१ चा आकार बदलतो, वाहकाला धरण्याची खूण झाकली जाते आणि ते केंद्रकातच ठाण मांडते. मग संरक्षक जनुके जागी होतात. म्हणजे ज्या ऑक्सिडीकरणाने नाश व्हायचा, तेच येथे इशाऱ्याचे काम करते.

यीस्टला आधी पेरॉक्साइडची सौम्य मात्रा दिली, तर नंतरच्या मारक मात्रेतून पुष्कळ अधिक पेशी वाचतात. मधल्या काळात नवी प्रथिने बनू दिली नाहीत, तर हा लाभ होत नाही. शिवाय ही तयारी कायमची नसते. ताण गेला की तीही ओसरते.

संकटे माणसाला घडवतात, असे आपण सहज बोलून जातो. यीस्टची साक्ष काढायची तर ती पूर्ण काढावी. संकट सोसण्याजोगे असले आणि सावरण्यास अवधी मिळाला, तरच पेशी बळकट होते. एकदम मोठा घाव बसला तर ती मरते, शिकत नाही. दुसऱ्याला कष्टांचा महिमा सांगण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले, तरी या सूक्ष्म जीवाचा धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.