धरणातला मोठा बास आणि स्विमबेट



दक्षिण कॅलिफोर्नियाच्या धरणांत लार्जमाउथ बास हा मासा एवढा का वाढतो, हे गळ हाती घेण्याआधी समजून घ्यावे. १९५९ साली फ्लोरिडातून आणलेले बास सॅन डिएगोजवळच्या अप्पर ओटे जलाशयात सोडले गेले. उत्तरेकडच्या बासपेक्षा हा वाण अधिक मोठा होतो. पुढे तो आसपासच्या जलाशयांतही पसरला. याच जलाशयांत थंडीच्या दिवसांत हौशी मासेमारांसाठी हॅचरीत वाढवलेले रेनबो ट्राउट सोडले जात. धोक्याची सवय नसलेला हा चरबीदार मासा बासला आयताच मिळाला. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेला कॅस्टेक जलाशयात बॉब क्रुपी यांना २२ पौंडांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास मिळाला. जॉर्ज पेरी यांचा १९३२ चा जागतिक विक्रम त्याहून जेमतेम पाव पौंडाने जास्त होता.

स्विमबेट हे ट्राउटसारखे दिसणारे आणि पोहणारे मोठे आमिष. अॅलन कोल यांच्या ए.सी. प्लग या आमिषाचे अंग लाकडी आणि शेपूट मऊ असे. नंतर आलेले आठ इंची हडलस्टन हे आमिष सबंध मऊ. असे आमिष शंभर ग्रॅमच्याही पुढे भरते. त्यामुळे सुमारे आठ फुटी दणकट काठी, मोठे रीळ आणि वीस-पंचवीस पौंडांचा ताण सोसणारा दोरा लागतो. हलक्या सामानावर ते फेकू नये. काठी मोडते, नाहीतर दोरा तुटून आमिष तळाशी जाते.

खरे कसब आमिषाच्या रंगात नाही. ते कोणत्या खोलीवरून आणि किती सावकाश ओढले जाते, यात आहे. आमिष किती सेकंदांत किती फूट बुडते, हे काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात आधी पाहून ठेवावे. मग पाण्यात घुसलेली टेकडीची सोंड, एकदम खोल जाणारा उतार, बुडालेली झाडे अशा जागा निवडाव्यात. मोठा बास ट्राउटच्या मागे दिवसभर धावत नाही. वाटेवर दबा धरतो. काठावरून खोल पाण्याकडे फेकून आमिष उताराला लगटून वर आणले, तर भक्ष्याला पळायला जागा उरली नाही असे बासला वाटते. वारा ज्या काठावर आदळतो तिथे, ढगाळ दिवशी आणि पहाटे ही युक्ती अधिक साधते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की ट्राउट खाली थंड थरात जातात, आणि हे गणित बदलते.

पुष्कळदा बास आमिषामागून नावेपर्यंत येतो आणि तोंड न लावता वळतो. तेव्हा घाईने पुन्हा तिथेच फेकू नये. जागा ओळखून ठेवावी, पाणी शांत होऊ द्यावे आणि काही तासांनी वेगळ्या कोनातून परतावे. दिवसच्या दिवस काहीच न लागणे या मासेमारीत नेहमीचे आहे. लहान बास भरपूर हवे असतील, तर लहान आमिषच बरे.

एवढा मोठा बास जवळजवळ नेहमी मादी असते आणि तिला वाढायला कित्येक वर्षे लागलेली असतात. तिला नुसत्या जबड्याने उभी लटकवू नये, जबडा दुखावतो. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यावा, वजन आणि छायाचित्र झटपट उरकावे आणि पाण्यात धरून ठेवावे. ती स्वतः शेपूट मारून सुटू लागली की हात सोडावा.